मुदत

आमच्या घरात पोराटोरांपैकी कुणाला ताप आला की थोरली आजी कपाळाला हात लावत नसे. आधी काखेत दोन बोटं घालून चाचपायची, मग पांघरुणाखालून हात सारून जांघेत. भाकऱ्या थापून राठ झालेली तिची बोटं नेहमी गार असायची. मी आठ-नऊ वर्षांचा, लाज वाटायचं वय नुकतंच सुरू झालेलं, पाय आखडून घ्यायचो. ती दुसऱ्या हातानं गुडघा दाबून धरायची. "लाजतोस काय रे? तू लाजलास म्हणून गाठ थांबते होय?" हाताला काही लागलं नाही की तिचा चेहरा सैल व्हायचा. मगच कपाळ, मगच सुंठ-गुळाचा काढा, आणि मगच "शाळा बुडवायला आलाय हा ताप, दुसरं काय" हे निदान.

थोरली आजी म्हणजे माझ्या वडिलांची आजी. तिच्या जन्माची कुठं नोंद नव्हती. "मोठ्या प्लेगात मी बारा वर्षांची होते" हाच तिचा जन्मदाखला. हुबळीतला मोठा प्लेग १८९८ सालचा. त्यावरून हिशेब केला तर ती १८८६च्या सुमाराची भरते. १९६६ साली ती गेली तेव्हा मी तेराचा होतो. म्हणजे तिच्या गोष्टी मी ऐकल्या त्या पाच-सहा वर्षांत, आणि आता मीच सत्तरी ओलांडलेली. मधल्या काळात त्यातलं किती तिचं उरलं, किती माझं मिसळलं, हे मला सांगता यायचं नाही.

आमचं घर दुर्गदबैलाच्या मागच्या बोळात. पुण्याहून पाहुणे आले की हमखास विचारत, "कुठला बैल?" बैल नव्हे हो, कन्नडमधलं बयलू, म्हणजे मोकळं मैदान. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड आणि उंबऱ्यावर दोन्हींची खिचडी. आमच्या मराठीला शेपटीसारखा एक 'की' चिकटलेला असायचा. बस की, जेव की, सांगितलं होतं की. १९५६ साली आम्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो तेव्हा वडील फार अस्वस्थ होते म्हणे. थोरल्या आजीनं मात्र एवढंच विचारलं, "जोंधळ्याचा भाव तोच आहे ना?"

संध्याकाळी ती कट्ट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायची. दुसऱ्या दिवशीच्या चटणीची तयारी. लसूण, तिखट, मीठ घालून ती चटणी उखळात कुटली की उखळाला तेल सुटायचं, आणि त्यावर गरम भाकरी फिरवून पुसून खायचा मान घरातल्या सगळ्यांत लहान पोराचा. तो बरीच वर्षं माझा होता. प्लेगाची गोष्ट तिनं सांगितली ती अशीच, टरफलं काढता काढता, तुकड्या-तुकड्यांनी. कधी शेवट आधी, कधी मधलंच.

सुरुवात मात्र ठरलेली असायची. "इलि बित्तु," ती म्हणायची. उंदीर पडला. मराठीत गोष्ट सांगणारी बाई हे दोन शब्द कायम कन्नडमध्येच उच्चारायची. कदाचित ते तिनं ज्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले तो गडी कन्नड होता म्हणून. माळ्यावरून, कडीपाटाच्या फटीतून, एक काळा उंदीर थेट स्वयंपाकघरात पडला. मेलेला नव्हता. झिंगलेल्या माणसासारखा गोल फिरला आणि चुलीपाशी आडवा झाला. सासूबाईंनी तवा तसाच ठेवला आणि उठल्या.

त्या एका वाक्यात केवढी भीती होती ते आज समजतं. मुंबईत १८९६च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग ओळखला, त्याला दोन वर्षंही झाली नव्हती. पुण्याच्या बातम्या 'केसरी'तून येत होत्या. १० मार्च १८९७ला सावित्रीबाई फुले प्लेगाच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगानं गेल्या. २२ जूनला तिथल्या प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. पण आमच्याकडे नुसत्या बातम्याच पोचल्या नाहीत, कारण हुबळी रेल्वेचं जंक्शन. सदर्न मराठा रेल्वेचा कारखाना इथं, कापसाची आणि धान्याची मोठी पेठ इथं. गाडीनं माणसं आली, पोती आली आणि पोत्यांबरोबर उंदीर आले. थोरल्या आजीचे सासरे त्याच रेल्वे कारखान्यात कारकून होते. रोग गाडीनं आला हे त्यांना मुळीच पटायचं नाही. रेल्वेवर त्यांची फार श्रद्धा होती.

उंदीर पडल्यावर घर सोडायचं, हे कुणी शिकवलं होतं कोण जाणे. वैद्यबुवा याला ग्रंथिक सन्निपात म्हणत, साहेब लोक हवेतला विषार म्हणत. तरी म्हाताऱ्या बायका मेलेला उंदीर बघून गाठोडं बांधायला लागत. आमची मंडळी उणकलच्या तळ्यापलीकडे कुणाच्याशा शेतात झोपड्या बांधून राहिली. बांबूचे तट्टे, वर गवत. पण निघायला तीन दिवस लागले. देवघर हलवायचं की नाही यावरून वाद झाला, घरातल्या एका विधवा आत्याबाई "देवांना सोडून मी यायची नाही" म्हणून अडून बसल्या. शेवटी देव टोपलीत घालून बैलगाडीत बसले तेव्हा आत्याबाईही बसल्या.

झोपडीतल्या दिवसांचं वर्णन करताना थोरल्या आजीचा आवाज चक्क आनंदी व्हायचा. हे लहानपणी मला चमत्कारिक वाटायचं. बारा वर्षांची सून ती. वाड्यात मान वर करायची चोरी, आणि इथं उघडं माळरान, ओढ्याचं पाणी, बांधावरची अंबाडी. सोवळं पातळ झालेलं. शेजारच्या तट्ट्यात गवळी, पलीकडे लिंगायत वाण्याचं कुटुंब. त्यांच्याकडून तिला पुंडी पल्या करायला शिकता आलं, तीच आमच्याकडची अंबाडीची भाजी, फक्त जोंधळ्याच्या कण्या घालून. आमच्या घरात ती भाजी प्लेगातून आली. धारवाडच्या पेढ्याबद्दलही असंच सांगतात की उत्तरेकडच्या उन्नावहून एक ठाकूर कुटुंब प्लेगाच्या भयानं इथं आलं आणि लाईन बाजारात पेढे करू लागलं. सालांचा मेळ घालायला जाऊ नये, तो बसत नाही. पेढा तोंडात असताना कोण साल विचारतो?

तर त्या झोपड्यांत तिचा धाकटा दीर होता. वय वर्षं सात. रिवाजाप्रमाणे ती त्याला 'भाऊजी' म्हणायची आणि त्याचं नाक पुसायची. दिवसभर तो तिच्या पदराला धरून. त्याचा एक भोवरा वाड्यातच राहिला होता. एक दिवस गडी कसलंसं भांडं आणायला गावात निघाला, त्याच्या मागं हा पळत गेला आणि भोवरा घेऊन आला. माझी आत्या म्हणते भोवरा नव्हे, काकवीची बरणी. काहीही असो, तो त्या बंद घरात जाऊन आला.

चार दिवसांनी तो लंगडायला लागला. विचारलं तर काही बोलेना. ओढ्यात पडलो म्हणाला. जांघेत दुखतं हे कुणाला सांगायची त्याला लाज वाटत होती. संध्याकाळी अंग भट्टीसारखं तापलं तेव्हा सासूबाईंनी धोतर सोडून पाहिलं. लिंबाएवढी गाठ. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. श्रावण चालू होता, इतकं तिला पक्कं आठवायचं, कारण त्या सोमवारी तिनं त्याच्यासाठी चोरून साबुदाणा ठेवला होता.

"मला दिसलं होतं लंगडताना," ती शेंगा फोडायची थांबायची. "दिवसभर दिसत होतं. मी बघायला पाहिजे होतं की."

ही गोष्ट मी पुढं चाळीस-पन्नास वर्षं कुणाला सांगितली नाही. मग माझी पुतणी डॉक्टर झाली. हुबळीलाच, १९५७ साली निघालेल्या सरकारी मेडिकल कॉलेजात ती शिकली आणि आता दुसऱ्या गावी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. गेल्या श्रावणात ती आली होती. स्वयंपाकघरात लोणी कढवत उभी होती, एक्याण्णव वर्षांची आत्या पाटावर बसून "आच कमी कर, बेरी करपेल" असं दर दोन मिनिटांनी बजावत होती, आणि मी त्या दोघींना थोरल्या आजीच्या बोटांबद्दल सांगितलं.

पुतणी म्हणाली, "काका, पण ती अगदी बरोबर जागी बघत होती."

मग तिनं जे सांगितलं ते माझ्या भाषेत सांगतो. चूक असेल तर माझी.

प्लेगाचा जंतू मुळात उंदरांचा. १८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यानं तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. उंदरावरची पिसू त्याचं रक्त पिते, त्याबरोबर जंतू तिच्या पोटात जातात आणि तिथं वाढून त्यांचा एक गोळा होतो. तो तिच्या घशाशी बोळ्यासारखा अडकतो. आता पिसवेनं कितीही चावलं तरी रक्त पोटात उतरत नाही. ती उपाशी, म्हणून पुन्हा पुन्हा चावते, आणि प्रत्येक वेळी घशातलं जंतूंसकट परत जखमेत ओकते. उंदीर मेला की त्याचं अंग गार पडतं आणि पिसवा ते सोडून दुसरं गरम अंग शोधतात. माळ्यावरून पडलेला उंदीर म्हणजे बेघर झालेल्या पिसवांची दवंडीच. आणि बंद घरात त्या कित्येक दिवस उपाशी वाट बघत राहू शकतात, त्यातून आमच्याकडची पावसाळी, ओलसर, ना धड थंड ना गरम हवा त्यांना फार मानवते. सात वर्षांचं, अनवाणी, उघड्या पायांचं पोर भोवरा आणायला त्या घरात शिरलं तेव्हा काय झालं असेल ते तिनं सांगितलं नाही, आम्हाला समजलं.

गंमत अशी की त्याच १८९८च्या जून महिन्यात, त्याच मुंबई इलाख्यातल्या कराचीत, पोल-लुई सिमाँ नावाचा फ्रेंच डॉक्टर हेच शोधत बसला होता. एका बरणीत पिसवांनी भरलेला आजारी उंदीर, शेजारी जाळीपलीकडे निरोगी उंदीर. दोघांचा स्पर्श नाही. तरी दुसरा मेला. या माणसाचं म्हणणं शास्त्रज्ञांनी मानायला पुढं कित्येक वर्षं घेतली. आमच्या पणजीच्या सासूबाई तवा तसाच ठेवून उठल्या होत्या.

पिसू पायाला चावली की जंतू कातडीखाली उतरतो. तिथं आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि त्याला गिळतात. एका जातीच्या पेशी त्याला गिळून खरंच मारतात. दुसऱ्या, मोठ्या पेशी त्याला गिळतात, पण हा बेरड आत जिवंत राहतो. पिसवेच्या गार पोटातून माणसाच्या गरम अंगात आल्यावर तो एक बुळबुळीत अंगरखा चढवायला शिकतो, आणि बाहेर पडतो तो असा की पुढच्या पेशींच्या हाती लागत नाही. मग तो लसीकेच्या बारीक वाहिन्यांतून जवळच्या गाठीत पोचतो. पायाला चावा असेल तर जांघेतली गाठ, हाताला असेल तर काखेतली. या गाठी प्रत्येकाला असतात, वाटाण्याएवढ्या. अंगात कोण शिरलंय त्याची ओळख पटवून त्याच्यावर नेमका इलाज बनवायची ती चावडी. जंतू चावडीतच शिरतो, तिथंच झुंज जुंपते, आणि गाठ लिंबाएवढी होते. थोरल्या आजीची गार बोटं चावडीवर धरणं दिलेलं आहे का तेवढं बघत होती.

"आणि ताप?" आत्यानं विचारलं.

"ताप शरीरच आणतं, अक्का. जंतूला तापलेल्या अंगात वाढणं जड जातं."

"मग आमची म्हातारी ताप उतरू द्यायची नाही लवकर, ते बरोबरच होतं की."

पुतणीनं यावर काही उत्तर दिलं नाही. डॉक्टर लोकांना आमच्या घरात कधी गप्प बसावं ते समजतं.

मला त्यातली एक गोष्ट फार लागली. शरीर प्रत्येक नव्या जंतूवर नेमकी तोड काढतं, प्रतिपिंडं म्हणतात तिला, पण पहिल्या भेटीत त्याला त्यासाठी वेळ लागतो. आठ-दहा दिवस, कधी जास्त. टायफॉइडला आमच्याकडे मुदतीचा ताप म्हणत. एकवीस दिवसांची मुदत भरली की रोगी एक तर उठायचा, नाही तर नाही. मुदत कसली, हे तेव्हा कुणी विचारत नसे. शरीर आतल्या आत काम उरकत असे, त्याची ती मुदत. प्लेग मुदतच देत नाही. गाठ आल्यापासून तीन-चार दिवसांत तो माणसाला घेऊन जायचा, औषध नसताना निम्म्याहून अधिक रोग्यांना. शरीर अजून कागद वाचत असतं तोवर जप्ती होऊन गेलेली.

मी विचारलं, "लंगडताना दिसलं तेव्हाच कुणी बघितलं असतं तर?"

"काहीच झालं नसतं, काका. स्ट्रेप्टोमायसीन निघालं १९४३ला. तेव्हा गाठ दिसल्यावर करण्यासारखं कुणाकडेच काही नव्हतं. व्हिक्टोरिया राणीकडेसुद्धा नाही."

हे वाक्य ऐकायला थोरली आजी तिथं असायला हवी होती. अडुसष्ट वर्षं ती त्या एका दिवसाच्या लंगडण्याचा हिशेब मांडत होती. आम्हा सगळ्यांच्या जांघा तिनं त्यापायी चाचपल्या.

पण मुदत आधीच मिळवून ठेवायची युक्ती मात्र त्याच पावसाळ्यात, हुबळीतच चालू होती. आणि ही गोष्ट आमच्या गावच्या लोकांनाही फारशी ठाऊक नाही.

वाल्डेमार हाफकीन हा ओडेसाचा ज्यू शास्त्रज्ञ. पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे ज्यानं तारामाशाच्या पिल्लाला काटा टोचून पाहिलं, त्या मेचनिकॉफचा विद्यार्थी. प्लेग आल्यावर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली आणि व्हरांडा मिळाला. तिथं तीन महिन्यांत त्यानं मेलेल्या जंतूंची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. मारलेला जंतू रोग देत नाही, पण शरीराला त्याचा चेहरा दिसतो, आणि तो लक्षात ठेवणाऱ्या पेशी तयार राहतात. खरा जंतू आला की मुदत मागावी लागत नाही.

ही लस एखाद्या अख्ख्या गावाला टोचून बघायची वेळ आली ती हुबळीत. सुमारे ५० हजार वस्तीचं गाव, आणि लॉयमन नावाचा सर्जन-कॅप्टन. मे १८९८पासून सप्टेंबरअखेरपर्यंत त्यानं ३० हजारांहून जास्त माणसं टोचली, बहुतेकांना दोन-दोनदा. रेल्वे कारखान्यातले कामगार, कापडगिरणीतले कामगार यांचा त्यात मोठा भरणा. आठवड्या-आठवड्याला टोचलेल्यांत किती मेले आणि न टोचलेल्यांत किती, याचे तक्ते ठेवले गेले. टोचलेलेही मरत होते, पण बरेच कमी. हाफकीनच्या लसीचा जगाला जो भरवसा वाटला त्यात या तक्त्यांचा मोठा वाटा. पुढं १९०२ साली पंजाबात मलकोवाल गावी लस घेतलेली १९ माणसं धनुर्वातानं मेली आणि हाफकीनवर ठपका आला. एका बाटलीत धनुर्वाताचे जंतू शिरले होते. चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट शुद्ध न करता वापरला, अशी साक्ष निघाली. त्याचं नाव साफ व्हायला १९०७ साल उजाडलं. परळच्या संस्थेला त्याचं नाव मिळालं १९२५ साली.

आमच्या घरातले सासरे कारखान्यात आधीच टोचून आले होते. साहेबानं सांगितलं म्हणून. घरात मात्र सासूबाईंचा सक्त नकार. सुईतून साहेब काय घालतो कुणी पाहिलंय, बायका वांझ होतात, माणूस सहा महिन्यांनी मरतो. अशा किती वदंता होत्या. सरकारच्या माणसांनी घरांची कौलं उतरवली होती, भिंतींना चुना फासला होता, आजाऱ्यांना ओढून छावणीत नेलं होतं. त्या छावणीला थोरली आजी 'करंटीण' म्हणायची. क्वारंटाइनचा तो अपभ्रंश मला मोठेपणी समजला. लहानपणी मला वाटायचं, तिथं जाणारी ती करंटी, म्हणून करंटीण. विश्वास बसावा असं त्या सरकारनं केलं तरी काय होतं?

पण भाऊजी गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वतः उठल्या. सगळ्या बायकांना गाडीत घालून गावात घेऊन गेल्या. टोचणारा गोरा होता की देशी, याबद्दल थोरली आजी दर वेळी वेगळं सांगायची. मध्ये लुगडं आडवं धरलेलं होतं, हे मात्र कायम. पलीकडे डॉक्टर, अलीकडे बायकांची रांग, लुगड्याच्या फटीतून प्रत्येकीनं फक्त दंड पुढं करायचा. बांगड्या वर सारताना तिच्या हिरव्या बांगड्यांतली एक पिचली. सुईपेक्षा तिला त्याचं वाईट वाटलं. रात्री अंग फणफणलं, दंड सुजून दुधीभोपळ्यासारखा झाला, दोन दिवस भाकरी थापता आली नाही. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच. मग हातात एक कागद मिळाला, टोचल्याचा दाखला. तो असला की करंटिणीचा जाच कमी, असं घरात सांगायचे. तो दाखला पुढं कितीतरी वर्षं ट्रंकेत होता. माझ्या वडिलांनी पाहिला होता. मी ट्रंक उघडली तेव्हा तिथं वाळवीची माती होती.

त्या घरातली बाकीची माणसं वाचली. लसीमुळं, झोपडीमुळं, की नुसत्या दैवानं, हे एका घरापुरतं सांगता येत नाही. तक्ते गावाचे असतात.

१९९४च्या सप्टेंबरात सुरतेला प्लेग आल्याची बातमी टीव्हीवर आली. त्याआधी आपल्याच बीड जिल्ह्यात मामला गावी गाठीचे रोगी सापडल्याचं छापून आलं होतं. माझी आई तेव्हा सत्तरीची. आमच्या गल्लीतल्या औषधदुकानातली टेट्रासायक्लीन दोन दिवसांत संपली. माझ्या धाकट्या मुलाला तेव्हाच साधी सर्दी झाली होती, आणि मी बाहेरून आलो तर आई त्याच्या अंथरुणाशी बसलेली. पांघरुणाखाली हात. मला बघून तिनं हात काढून घेतला आणि उगाच उशी नीट केली. थोरली आजी तिची आजेसासू. हे कुणी तिला शिकवलं असेल असं मला वाटत नाही.

तर श्रावणातल्या त्या दुपारी तूप कढत आलं होतं. बेरी तांबूस झाली, घरभर वास सुटला. पुतणीनं गॅस बंद केला, पातेलं उतरवलं आणि एकदम हसायला लागली.

"काका, हाफकीन ते जंतू वाढवायचा कशात माहितीये? तुपाखाली."

काचेच्या मोठ्या चंबूत रस्सा भरायचा, वर तुपाचे थेंब तरंगत सोडायचे. जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढायचे, पागोळ्यांसारखे. दर काही दिवसांनी चंबू हलवायचा की त्या पागोळ्या तुटून तळाशी बसायच्या आणि तुपाखाली नव्या लागायच्या. असं महिना-दीड महिना. मग सुमारे ७० अंशांवर तासभर तापवून सगळे मारायचे, वर थोडं कार्बोलिक. झाली लस. विरजण लावण्याइतकं घरगुती वाटलं मला ते.

"आणि रस्सा कशाचा?" मी विचारलं.

ती आत्याकडे बघून जरा थांबली. "बोकडाच्या मांसाचा. गाय नको, डुक्कर नको, म्हणून मुद्दाम बोकडाचा घेतला होता."

मी थोरल्या आजीला डोळ्यांसमोर आणलं. कांदा-लसूण चातुर्मासात उंबऱ्याबाहेर. दवाखान्यातलं पातळ औषध 'कुणाचं पाणी त्यात' म्हणून आयुष्यभर नाकारलेलं. हॉटेलातला चहा माझ्या वडिलांनी प्यायला तर तीन दिवस अबोला. तिच्या दंडात, दोन-दोनदा.

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. तिनं बेरीवर साखर घातली, वाटी माझ्याकडे सरकवली.

"तूप होतं ना त्यात?" तिनं विचारलं.

"होतं."

"मग चालतं. तुपातलं सोवळ्यात चालतं."